करंगळी सात टक्के

श्रीकृष्णानं ज्या करंगळीवर गोवर्धन उचलला, ती आपल्या कायद्यात सात टक्के धरली आहे. पर्वत सात दिवस पेलला होता, म्हणजे दिवसाला एक टक्का पडला. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडून मागून घेतलेला अंगठा मात्र तीस टक्के. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची पहिली अनुसूची एकदा वाचली की महाभारत पूर्वीसारखं वाचता येत नाही. भीष्म शरपंजरी पडले की आपण आधी बाण मोजतो आणि मग टक्के.

ही अनुसूची माझी पाठ आहे. मुरबाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी हयात गेली. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, आणि कुणाचं काही गेलं तर त्याचे कागद. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा टक्के, मधलं बोट बारा. मधलं बोट लांबीनं थोरलं असूनही दोन टक्क्यांनी मागं. तर्जनी दुसऱ्याकडे रोखता येते आणि कारखान्यात हा अधिकार मोठा, म्हणून असेल. अनामिका आणि करंगळी दोघी सात-सात. नुसता शेंडा गेला, हाड शाबूत राहिलं, तर तर्जनीला पाच, मधल्याला चार, करंगळीला दोन. हात खांद्यातून गेला तर नव्वद. खांद्याखाली उरलेला भाग २०.३२ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ऐंशी, जास्त असेल तर सत्तर. हे पॉइंट बत्तीस कुठून आलं, याचा मी बरीच वर्षं विचार केला. साहेबानं आठ इंच लिहून ठेवले होते; आपण इंच सोडून सेंटिमीटर धरले, पण हात होता तिथंच तुटायला हवा ना! कन्व्हेयरच्या पट्ट्याला मात्र दशांश चिन्ह अजून कुणी शिकवलेलं नाही.

टक्क्यांचे रुपये करायचे तर त्या कायद्यात चौथ्या अनुसूचीकडे जावं लागे. तिथं वयाप्रमाणे आकडे होते. चाळिशीच्या माणसाला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९, साठीला ११७.४१. पगार कितीही असो, २०२० पासून हिशेबाला महिना जास्तीत जास्त १५,००० धरायचा. त्याचे साठ टक्के काढायचे, वयाच्या आकड्यानं गुणायचं, मग अवयवाचे टक्के. चाळिशीतला अंगठा ४,९७,२५९ रुपये. ते शेवटचे नऊ रुपये पाहिले की कायद्याबद्दल आदर वाटतो. ज्याला ईएसआय लागू आहे त्याची गाडी वेगळ्या रुळावर. तिथं सहसा एकरकमी पैसे नाहीत. मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि महिन्याच्या महिन्याला रक्कम येते. मुरबाडला मुळात रूळच नाहीत, त्यामुळे आमच्या माणसाला या गाडीसाठी आधी एसटी पकडावी लागते.

तर अशा जाणकार माणसाला 'व्यावसायिक आरोग्य आणि कामगार नुकसानभरपाई' या विषयावरच्या दोन दिवसांच्या परिषदेचं आमंत्रण येणं मला स्वाभाविक वाटलं. घरच्यांना वाटलं नाही. 'तुम्ही तिथं काय करणार?' हा प्रश्न तीन वेगवेगळ्या आवाजांत विचारला गेला. आमंत्रणात लिहिलं होतं की मी 'तळागाळातला अनुभव' मांडायचा आहे. टाइम ऑफिस तळमजल्यावर होतं हे खरं.

औद्योगिक आरोग्याच्या डॉक्टरांची खरी मोठी परिषद म्हणजे 'ऑक्युकॉन'. १९४८ साली स्थापन झालेली त्यांची अखिल भारतीय संघटना ती दरवर्षी भरवते, मोठ्या शहरात, मोठ्या हॉटेलात. आमची परिषद ही तिची दूरच्या नात्यातली मावसबहीण. ती भरली शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला येणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका रिसॉर्टवर. ऐन जुलै. भाताच्या खाचरांतून लावणी चाललेली. रिसॉर्टची जागाही पूर्वी खाचरंच होती, हे पाण्याला अजून माहीत असावं. स्वागतकक्षात ते घोट्यापर्यंत येऊन जात होतं. भिंतीवर वारली चित्रं. त्यांत बायका वाकून लावणी करत होत्या. खिडकीतून पाहिलं तर बाहेरही बायका वाकून लावणी करत होत्या. फरक एवढाच की चित्रातल्यांच्या कंबरा त्रिकोणी असल्यानं दुखत नसाव्यात.

फाटकावर रखवालदारानं मला अडवलं.

"बिल्ला लावा, भाऊसाहेब."

"अरे, ओळखलंस ना मला?"

"वळखलं म्हणून तर सांगतो. बिल्ल्याशिवाय आत सोडायचं नाय, हे तुम्हीच शिकवलं."

त्यानं सलाम केला तेव्हा मलाही ओळख पटली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचे शेंडे नाहीत. पाच आणि चार. नऊ टक्के कमी सलाम. हा आमच्या प्रेस शॉपमधला. प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतले तरच हातोडा खाली यावा म्हणून. पण नगावर पैसे असले की एक बटण चिकटपट्टीनं दाबून बसवतात आणि मोकळा हात माल सारायला वापरतात. सारलेल्या मालाबरोबर कधी कधी हातातलंही काही जातं.

आता इथं तेव्हाच्या कारखाने अधिनियमातली एक बारीक गंमत सांगायला हवी. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारला कळवावा लागतो. कळवला की तपासणी, तपासणी आली की फायली, फायली आल्या की साहेबांचा रक्तदाब. म्हणून ज्याचं बोट गेलं त्याला दुसऱ्या दिवशी कंपनीची जीप घरून उचलून आणते. तो कामावर हजर होतो. काम काय? टाइम ऑफिसातल्या स्टुलावर बसणं. हाताला पांढरी मोळी, समोर चहा, मांडीवर पेपर. असं स्टूल बहुतेक टाइम ऑफिसांत असतं आणि ते क्वचितच रिकामं राहतं. हा गडी त्या स्टुलावर तीन आठवडे 'कामावर' होता. गेटवर काळा फळा होता, 'अपघातविरहित दिवस' असा. त्यावरचा आकडा रोज सकाळी पुसून एकानं वाढवायचं काम त्यालाच दिलं होतं. उजवा हात बांधलेला, त्यामुळे तो डाव्या हातानं लिहायचा. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, त्या फळ्यासमोर फोटो निघाले आणि घोषवाक्य स्पर्धेत 'सुरक्षा'ला 'रक्षा' जुळवणाऱ्या अकरा जणांतून एकाला डबा मिळाला.

"पगार कसा आहे इथं?" मी विचारलं.

"बरा हाय. मशीन नाय ना हितं. कुत्री हायेत, पण ती बोटं घेत नायत."

आत गेल्यावर नोंदणीचं टेबल. प्रतिनिधी येत, सही करत, कापडी पिशवी घेत आणि गळ्यात पट्टा अडकवत. परिषदेला हजर राहिलं की डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट मिळतात. नोंदणीच्या नूतनीकरणाला ते लागतात. हजेरीपट दिसला की माझी नजर आपोआप बारीक होते. सव्वानऊला सही करून पिशवी घेतलेल्या गृहस्थांची गाडी साडेनऊला माळशेजच्या दिशेनं वळलेली मी स्वतः पाहिली. एका बाईंनी स्वतःची, नवऱ्याची आणि नवऱ्याच्या भागीदाराची सही केली, तीन पेनांनी. आमच्याकडे हे प्रकार तिसऱ्या पाळीत चालत, पण एवढी सफाई नव्हती. नोंदणीवरच्या मुलीला मी हळूच म्हटलं, "जेवणाचं कुपन दुपारच्या सहीनंतर द्या." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ठाणे न्यायालयातून आलो आहे. दुपारच्या जेवणाला मात्र हजेरी शंभर टक्क्यांच्या वर गेली. माळशेजचे धबधबे पाहून भूक लागते.

उद्घाटनाच्या भाषणात वक्ते प्राचीन सुमेरपासून निघाले. चार हजार वर्षांपूर्वी तिथल्या राजाच्या कायद्यात अवयवांचे दर होते, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं. तिथून ते समुद्री चाच्यांकडे वळले. सतराव्या शतकातल्या कॅरिबियन चाच्यांचा आपसांत करार असे: उजवा हात गेला तर चांदीची सहाशे नाणी, डावा गेला तर पाचशे, उजवा पाय पाचशे, डावा चारशे, डोळा शंभर. माझ्या मनात आलं, हे दरोडेखोर, पण डावं-उजवं कळत होतं त्यांना. आपल्या अनुसूचीत डावा अंगठाही तीस आणि उजवाही तीस. शिवाय चाचे लुटीची वाटणी करण्याआधी जखमींचे पैसे बाजूला काढत. आपल्याकडे आधी वाटणी होते आणि मग जखमीला तारीख मिळते. वक्ते पुढं १८८४ च्या जर्मनीत, बिस्मार्कच्या अपघात विम्यावर आले, आणि भारतात १९२३ मध्ये पोचतात तोच चहाची घंटा झाली. शहापूर-मुरबाड त्यांच्या वाटेत लागलंच नाही.

खरं सोनं त्यांच्या मधल्या एका वाक्यात होतं. बर्नार्डिनो रमाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. कुंभार, सोनार, छापखान्यातले लोक, मैला उपसणारे, सगळ्यांकडे तो जाऊन बसला. वैद्य जे प्रश्न विचारतात त्यात त्यानं एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? सभागृहात टाळ्या झाल्या. मी मात्र आमच्या दवाखान्यांचा विचार करत बसलो. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुणाचा रं तू?" आजा कोण, मामाचं गाव कोणतं, टोकावड्याचे का धसईचे, भाऊकीत कोण वारलं, एवढं डॉक्टरांना ठाऊक असतं. पोरगा दिवसभर ग्राइंडरसमोर उभा असतो की रंगाच्या फवाऱ्यासमोर, हे मात्र त्याच्या आजाच्या चौकशीत राहून जातं.

चहाच्या वेळी एका बोटाचा फोटो गाजला. कुणीतरी पुढच्या सत्रासाठी आणलेला, लॅपटॉपवर उघडा होता. चार जण भोवती जमले. डॉक्टर म्हणाले, सांधा वाचला असता. विमा कंपनीचे गृहस्थ म्हणाले, या बोटाला आधीची जखम होती का ते पाहायला हवं. वकिलांनी अपघाताची तारीख विचारली, कारण महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज लागतं आणि वर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. त्यांचा चेहरा व्याजाबरोबर खुलत गेला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोटाकडे पाहिलंच नाही, मागच्या यंत्राचा गार्ड जागेवर दिसतोय का एवढं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. बोटाचा मालक कोण, हे फोटो आणणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या अनुसूचीवरचं सत्र हे माझ्या मते परिषदेतलं सर्वांत मनोरंजक सत्र होतं, आणि वक्त्यांना त्याची अजिबात कल्पना नव्हती. कोणकोणत्या कामांना हा कायदा लागू, याची ती यादी. १९२३ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेच्या घरी राहायला गेला, पण जाताना यादीचं हे बोचकं बरोबर घेऊन गेला. त्यात हत्ती पकडणारे आहेत. दीपगृहवाले, सर्कशीतले, पाणबुडे आहेत. ताडावर चढून ताडी काढणारे आहेत, त्याबद्दल मुरबाड तालुका कायम ऋणी राहील. घोडे, खेचरं, बैल हाताळणारे आहेत. आणि साप हाताळून विष काढणारेही आहेत. शेतीचं काय? ट्रॅक्टरनं किंवा वाफेवर-विजेवर चालणाऱ्या यंत्रानं शेती करणारा यादीत आहे. हातानं भात लावणारी बाई शेतीकामाच्या कलमात येईलही, पण तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही.

आता पाहा. खिडकीबाहेर इरलं पांघरून जी बाई खाचरात उभी आहे, तिला बांधावरच्या बिळातून मण्यार चावली असं समजू. तिला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष टोचतील. त्यासाठी परळच्या हाफकिनसारख्या ठिकाणी ज्यानं सापाचं विष काढलं, तो यादीत आहे. ते विष थोडं थोडं टोचून ज्याच्या रक्तात प्रतिविष तयार केलं त्या घोड्याचा मोतद्दार यादीत आहे. बाटल्या घेऊन येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर यादीत आहे. सापापासून सुईपर्यंत सगळ्यांची सोय झालेली. फक्त जिला चावला ती तेवढी हजेरीपटाबाहेर. आता कुणी म्हणेल, शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. आहे. त्यात सर्पदंशही येतो आणि मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. दुसऱ्याच्या खाचरात मजुरीनं लावणीला आलेल्या कातकरणीनं सापाला आधी उताऱ्याची नक्कल दाखवावी, अशी अपेक्षा दिसते.

प्रश्नोत्तरांत मी हे विचारलं. वक्ते म्हणाले, "मुद्दा रोचक आहे, चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी त्यांना माळशेजला जायचं होतं.

वकिलांचं सत्र रंगलं ते काम नेमकं कुठून सुरू होतं यावर. कारखान्याच्या फाटकापासून, की घराच्या उंबऱ्यापासून? कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. आसनगावला ज्यानं दोन्ही पाय डब्यात ठेवायला जागा मिळवली, त्याचं दिवसाचं निम्मं काम तिथंच झालं. पुढं कंपनीत जाऊन तो विश्रांती घेतो. पण कायद्याला उत्तर द्यायला वेळ लागला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सायकलवरून कारखान्याकडे निघालेल्या ईएसआयच्या कामगाराला वाटेतला अपघात हा कामावरचा अपघात नाही असं सांगितलं. २०१० मध्ये ईएसआयच्या कायद्यात दुरुस्ती होऊन येण्याजाण्याची वाट आत आली. १९२३ च्या कायद्याची वाट मात्र अंधारातच. २००३ च्या एप्रिलमध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती काढून घेतली आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. पाच किलोमीटर पार करायला बावीस वर्षं. आमच्या मुरबाडच्या रेल्वेचीही साधारण हीच गती आहे, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही.

त्यानंतरचे वक्ते मालक आणि कामगार यांचं नातं सिद्ध कसं करायचं यावर बोलले, आणि मला पुन्हा एकलव्य आठवला. त्याच्या केसमध्ये दम नाही, असं माझं अनुभवी मत आहे. तीस टक्के राहू द्या. द्रोणाचार्य पहिल्याच तारखेला सांगतील, हा आमच्या हजेरीपटावर नाही. प्रवेश नाकारल्याचे साक्षीदार आहेत. हा घरी बसून, मातीचा पुतळा समोर ठेवून, आपल्या मर्जीनं काम करत होता. अंगठा त्यानं स्वतः कापला, म्हणजे जाणूनबुजून सुरक्षा नियम मोडला. अर्ज फेटाळला.

एमआयडीसीत असे एकलव्य पोत्यानं मिळतात. ठेकेदाराचा माणूस, त्या ठेकेदाराच्या मेव्हण्याचा माणूस, मुकादमानं 'आजच्या दिवस ये' म्हणून आणलेला माणूस. आमच्या भागात कंत्राटी कामगाराला अपघात नेहमी कामाच्या पहिल्याच दिवशी होतो, हे वैद्यकशास्त्राला न उलगडलेलं कोडं आहे. माणूस दोन वर्षं त्याच मशीनवर दिसलेला असतो. पण सकाळी बोट जातं, दुपारी नेमणूक होते, संध्याकाळी ईएसआयचा नंबर निघतो आणि मग तो दवाखान्यात पोचतो. कागदावर त्याच्या नोकरीचं वय आणि जखमेचं वय एकच असतं.

याच सत्रात पडद्यावर सरलांब्याचं चित्र आलं. १ ऑगस्ट २०२३ ची पहाट, शहापूर तालुका, समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम. गर्डर चढवणारं अजस्र यंत्र कोसळलं आणि वीस माणसं त्याखाली गेली. बहुतेक परराज्यांतून आलेली. राज्य सरकारनं वारसांना पाच लाख जाहीर केले, केंद्रानं दोन. वक्ते म्हणाले, हे सानुग्रह अनुदान; कायद्यानं मिळणारी भरपाई वेगळी, आणि वारसांना ती वेगळी मागावी लागते. मग त्यांनी पुढची पाटी दाखवली. सकाळी मुंबई-नाशिककडून आलेले कितीतरी प्रतिनिधी त्याच रस्त्याचं कौतुक करत आले होते, रस्ता आहेही चांगला. त्या पाटीनंतर कुणी प्रश्न विचारला नाही, आणि माझ्याकडेही त्या जागी घालण्यासारखा विनोद नाही.

दुसऱ्या दिवशी पाठदुखीवर सत्र होतं. ओझं कसं उचलावं याचं प्रात्यक्षिक एका सडपातळ तज्ज्ञांनी रिकामं खोकं उचलून दाखवलं. गुडघे वाकवा, पाठ ताठ, ओझं अंगाजवळ. दाराशी ताटं घेऊन उभ्या असलेल्या रिसॉर्टच्या दोन बाया एकमेकींना कोपरखळ्या मारून हसत होत्या. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो आणि डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी असं चढण चढावं लागतं. त्यात गुडघे कुठं वाकवायचे हे तज्ज्ञांनी सांगितलं नाही. वेळ संपली होती. शिवाय सभागृहात प्रत्येकासमोर पाण्याची बाटली होती.

माझा 'तळागाळातला अनुभव' जेवणाआधी सात मिनिटांत मांडायचा होता. मी स्टुलाची गोष्ट सांगितली. लोक खूप हसले. एका एचआरवाल्यानं नंतर गाठून विचारलं, "स्टूलच का? खुर्ची दिली तर जास्त दिवस बसेल ना?"

शेवटी ठराव झाले. सर्वांत महत्त्वाचा असा की जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यानं केसपेपरवर रुग्णाचं काम नोंदवावं. मांडणारे आमच्या गावाकडचेच डॉक्टर. त्यांनी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला आहे. ते रमाझिनीनं भारावून गेले होते. मी टाळ्या वाजवल्या, कारण ठराव खरोखर चांगला होता.

सोमवारी रिसॉर्टच्या खुर्चीनं धरलेली कंबर घेऊन मी त्यांच्याच दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर, पायरीवर, छत्र्यांखाली माणसंच माणसं. लावणीचे दिवस, खोकला, ताप, पायांची बोटं कुजलेली. माझ्या पुढं एक पन्नाशीची बाई होती, जोराचा खोकला. डॉक्टरांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि सवयीनं "कुणाची गं तू..." म्हणता म्हणता थांबले. नव्या केसपेपरवर रकाना होता.

"मावशी, काम काय करता?"

"कवा?"

"कवा म्हणजे? काम. रोजचं काम."

"रोजचं कुठलं एक असतंय वो डाक्टर? आत्ता लावणीला जाते. मग बेननी. कापनी झाली का दिवाळीनंतर भट्टीवर, भिवंडीकडं, इटा थापायला. तिकडनं आलं का शिमग्यानंतर फारमहाऊसवर, ते मुलुंडचे शेठ येतात त्यांचं झाडलोट, औषध मारायला. मधी दोन वर्सं कंपनीत गेलती, पावडर भरायला."

"कसली पावडर?"

"पांढरी."

डॉक्टरांनी पेन वर धरलं. मला त्यांची अडचण समजली. भात मळताना उडणारी धूळ, भट्टीचा धूर, फवारणीचं औषध आणि ती पांढरी पावडर. चारही खोकल्याला पुरेशी कारणं, चार मालक, त्यातल्या एकाच्याही हजेरीपटावर तिचं नाव असण्याची शक्यता नाही. रकाना दोन इंचांचा होता, म्हणजे ५.०८ सेंटिमीटर. डॉक्टरांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं आणि त्यात लिहिलं: 'मजुरी'.

"किती वर्षं करताय?" त्यांनी चिकाटी सोडली नाही.

बाईला आता खोकल्याबरोबर रागही आला होता. "अवो, कामाचं काय घेऊन बसलाव मघाधरनं? काम हाय माज्याकडं भरपूर. औषध खोकल्याचं द्या."